गरीब-श्रीमंतांतली दरी रोज दिसते, मग मतदानाला कोण जातं आणि घरी कोण बसतं?

नळस्टॉप (१८ जानेवारी २०२६, सकाळी १०:१२)

गुरुवारी पुणे महापालिकेचं मतदान झालं. २०१७ नंतर थेट आत्ता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासकच कारभार बघत होता. ड्रेनेज तुंबलं तर कुणाला गाठायचं, हे पावणेचार वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं की यावेळी लोक नुसते तुटून पडतील.

आमच्या सोसायटीचं आणि मागच्या वस्तीचं केंद्र एकाच शाळेत आहे. मी साडेसातपासून बाहेरच्या टेबलावर यादीतले अनुक्रमांक शोधून द्यायला बसलो होतो. नऊ वाजता वस्तीच्या खोलीची रांग फाटकाला भिडली. आमच्या खोलीत मतदान अधिकारी वाट बघत बसले होते. अकराला घरी गेलो आणि जिन्याजिन्यात बेल वाजवली. एक कुटुंब लोणावळ्याला निघालं होतं. एका काकूंना चार उमेदवारांना चार मतं द्यायची म्हणजे काय तेच कळत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आपलं काय अडतंय? पाणी टँकरचं, लाइट गेली तर जनरेटर, मुलं खासगी शाळेत. नगरसेवक कोण आला त्याने आपल्या घरात काहीच बदलत नाही." हे वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

वस्तीच्या रांगेत आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी होत्या. दोन घरं उरकून आल्या होत्या, दोन राहिली होती. आमच्या इमारतीत कुणाची गाडी केवढ्याची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे ज्यांना दरी रोज जवळून दिसते त्या रांगेत उभ्या, आणि ज्यांना ती बघावीही लागत नाही ते घरी. मी तर समजत होतो की एवढी तफावत बघून माणूस हताश होऊन घरी बसेल.

विचारायचं ते एवढंच. दरी दिसली की माणूस राजकारणाकडे वळतो की त्यातून उठून जातो? तुमच्या भागात काय दिसलं?

---

गोखलेनगर (१०:३१)

रुमाल टाकून ठेवते. स्वयंपाक आटोपून येते.

---

तीन_हत्ती (१०:५०)

भाबडेपणा सोडा. वस्तीत रांग लागते कारण आदल्या रात्री पाकिटं येतात. विषमतेची जाणीव वगैरे काही नाही. सोसायटीत पाकीट येत नाही, म्हणून रांग नाही.

---

पर्वतीपायथा (११:२४)

@तीन_हत्ती, मी जनता वसाहत या वस्तीतच वाढले. आईवडील अजून तिथेच आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाकिटं येतात. खोटं कशाला बोलू? पण ती एका बाजूने येत नाहीत. तीन बाजूंनी येतात आणि मत द्यायचं त्यालाच दिलं जातं. घेणाऱ्याला हेही माहीत असतं की हा पैसा वाटणाऱ्याने कुठून तरी वसूल केलेला आहे. आमच्या गल्लीत बायका सरळ म्हणायच्या, "आपलाच होता, परत आला."

आणि तुमच्याकडे येत नाही असंही नाही. निवडणुकीच्या वर्षात कितीतरी सोसायट्यांना सीसीटीव्ही, पेव्हिंग ब्लॉक, बाकडी मिळतात. त्याला कुणी पाकीट म्हणत नाही.

आता रांग का लागते ते. आमच्याकडे नगरसेवक लागतोच. सार्वजनिक नळाचा दाब, सामायिक शौचालयाची टाकी, उत्पन्नाचा दाखला, ससूनमध्ये खाट मिळावी म्हणून एक फोन, सगळ्याला. ज्यांच्या घरात हे सगळं पैशाने येतं त्यांना तो लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका खरंच बोलले.

अजून एक गोष्ट सोसायटीत राहणाऱ्यांना बहुतेक माहीत नसते. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळायचं तर तुम्ही १ जानेवारी २००० च्या आधीपासून तिथे राहत होता हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी मतदारयादीतला उतारा हा मोठा पुरावा धरतात. माझ्या वडिलांनी १९९५ च्या यादीतल्या नावाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या वर. यादीतून नाव गेलं तर तुमचं मत जातं. आमचं घर जातं.

---

गोखलेनगर (११:४०)

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. मतदारयादीकडे या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं.

---

तीन_हत्ती (११:५८)

@पर्वतीपायथा, यादीची गोष्ट खरोखर माहीत नव्हती. माझं वाक्य फार सरसकट झालं, मागे घेतो. पण मग ती गरज झाली. विषमतेची जाणीव त्यात कुठे आली?

---

मुठाकाठ (दुपारी १२:४५)

या विषयावर गेली काही वर्षं वाचतोय, शिकवतोही. राहवत नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

नळस्टॉप यांनी विचारलंय त्यावर जगात दोन परस्परविरोधी उत्तरं आहेत. एक जुनं, १९८१ चं, मेल्ट्झर आणि रिचर्ड या अर्थशास्त्रज्ञांचं. सरासरी उत्पन्न वर गेलं आणि मधला मतदार मागे राहिला, की तो मतपेटीतून वाटा मागणार, असा त्यांचा हिशेब. दुसरं फ्रेडरिक सोल्ट यांचं, २००८ चं. श्रीमंत लोकशाही देशांची आकडेवारी पाहून त्यांनी दाखवलं की विषमता जास्त तिथे अगदी वरचा थर सोडला तर बाकी सगळ्यांचा राजकारणातला रस, चर्चा आणि मतदान कमी होतं. पैशाबरोबर विषय ठरवायची ताकदही वर सरकते, आणि खालच्याला वाटू लागतं की इथे आपल्या कामाचं काही बोललंच जात नाही.

भारत मात्र या चौकटीत बसत नाही. १९९० च्या दशकात लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांवरून योगेंद्र यादव यांनी मांडलं होतं की दलित, गरीब, खेड्यातले लोक इथे वरच्या थराच्या बरोबरीने, कधी जास्तच मतदान करतात. नंतर शहरी मध्यमवर्गही जास्त बाहेर पडू लागला. तरी पुण्यासारख्या शहराकडे पाहा. २०१९ च्या लोकसभेला देशात ६७ टक्के मतदान झालं आणि पुण्यात पन्नासही नाही. २०२४ मध्ये पुणं साडेत्रेपन्नच्या आसपास आलं, देश तेव्हा ६६ वर होता.

तीन_हत्ती यांच्या प्रश्नाकडे येतो. इथे 'जाणीव' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गिम्पेल्सन आणि ट्रीझमन यांनी २०१८ मध्ये दाखवलं की आपल्या देशात विषमता किती, हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं. समाजाची रचना दाखवणाऱ्या पाच आकृत्यांतून आपल्या देशाची ओळखा म्हटलं तर उत्तरं डोळे मिटून बोट ठेवण्यापेक्षा थोडीच बरी. तरी सरकारने श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना द्यावं का, गरीब-श्रीमंतांत तणाव आहे का, यावरची मतं या चुकीच्या समजुतीशी जुळतात. खऱ्या आकड्यांशी फारशी जुळत नाहीत. भारताचा आकडाच घ्या. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, असा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हा आकडा डोक्यात ठेवून मतदान केंद्रावर गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. माणूस शेजार बघून जातो.

---

मांजरीकर (१:१०)

मुठाकाठ सरांचं शेवटचं वाक्य आमच्या गावाला तंतोतंत लागू पडतं.

आमी मांजरी बुद्रुकचे. २०२१ ला तेवीस गावं महापालिकेत घेतली त्यात आमी पण. एका भावाची जमीन रिंगरोडच्या बाजूला निघाली, दुसऱ्याची आत राहिली. एकाच्या दारात फॉर्च्युनर, दुसरा अजून गवार तोडतोय. मुंबईतल्या अब्जाधीशाच्या घरचं लग्न मोबाईलवर बघून कुणाच्या पोटात दुखत नाही. चुलत्याच्या गाडीनं दुखतं.

पण मतदानाला त्या दुखण्यानं न्हाई गेलो. आमी गेलो कारण टॅक्सची बिलं पुण्याच्या दरानं आली आणि पाणी अजून टँकरचं. कोथरूडला नळ आणि आमाला टँकर, महापालिका एकच. हे दिसलं की माणूस घरी बसत न्हाई. गावात सकाळी साताला म्हातारी माणसं काठ्या टेकीत आली होती.

---

हडपसर_बसथांबा (१:२२)

टँकरवरून आठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या सोसायटीतही टँकर आणि मांजरीतही टँकर. एकाला तो आधार वाटतो, दुसऱ्याला अपमान. पाणी बहुधा एकाच विहिरीचं असणार :)

---

मुठाकाठ (१:३५)

@हडपसर_बसथांबा, हसलो, पण हे खरंच मुद्द्याचं आहे. काकांना टँकर परवडतो म्हणून ते व्यवस्थेतून बाहेर पडले. मांजरीकरांना परवडत नाही, म्हणून ते आवाज चढवतात. अल्बर्ट हर्शमन नावाचा अर्थतज्ज्ञ यावरच आयुष्यभर विचार करत होता. त्याचं १९७३ चं एक उदाहरण सांगतो, पुणेकरांना लगेच कळेल.

कात्रजचा नवा बोगदा डोळ्यांसमोर आणा. शेजारशेजारच्या दोन लेन ठप्प. तुम्ही डावीकडे. अचानक उजवी लेन हलायला लागते. पहिली काही मिनिटं तुम्हाला बरंच वाटतं: पुढे मोकळं झालेलं दिसतंय, आता आपलीही सुटेल. पण उजवी सुटत राहिली आणि तुमची जागची हललीच नाही, तर? मग तुमचा संताप सुरुवातीपेक्षा कितीतरी मोठा होतो. पांढरी रेघ ओलांडून तुम्ही गाडी घुसवायला तयार होता. उजवी लेन पहिल्या मिनिटालाही हलतच होती. बदलला तो आपली लेन सुटेल यावरचा भरवसा.

शेजारच्याची लेन सुटलेली पाहून एखाद्या समाजाला आशा वाटते की राग येतो, आणि तो राग मतपेटीत जातो की रस्त्यावर येतो की नुसता आत कुजतो, हे त्या भरवशावर ठरतं असं मला वाटतं.

---

वाडा_ते_फ्लॅट (३:०५)

मुलांनो, मी पंच्याऐंशीची आहे. टायपिंग नात करते आहे.

आमचा वाडा शनिवारात होता. मालक माडीवर, आम्ही भाडेकरू खाली दोन खोल्यांत, मागच्या अंगाला एक शिंपी आणि एक छापखान्यातला जुळारी. नळ एकच, चौकात. मालकांकडे कुकर आधी आला, रेडिओ आधी आला, सगळं सगळ्यांना दिसायचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी माडीपर्यंत आलं नाही. आमचं सगळं गेलं, शिंप्याचं यंत्र गेलं. मालकीणबाईंनी महिनाभर सगळ्या वाड्याला जेवू घातलं. आणि पुढच्याच वर्षी भाडं वाढवलं, तेही सांगते. तेव्हा भाडेकरूंनी एकत्र बसून सभा घेतली होती. माझ्या आयुष्यातली पहिली सभा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून पाहिल्या, म्हणून मला श्रीमंत माणूस देव वाटला नाही आणि राक्षसही वाटला नाही.

१९७७ ला मतदानाला गेलो तेव्हा मालक, शिंपी आणि माझे यजमान एकाच रांगेत होते. आता मी ज्या इमारतीत राहते तिथे कामाला येणाऱ्या बायकांसाठी लिफ्ट वेगळी आहे. मी कमिटीला दोनदा पत्र दिलं. तुम्ही विचारता दरी दिसल्याने काय होतं. मला तर भीती याची वाटते की आता ती दिसू नये अशाच इमारती बांधतात.

---

गोखलेनगर (३:२०)

आजी, नमस्कार. लिफ्टचं तिसरं पत्र लिहिणार असाल तर सह्या गोळा करायला मी येते.

---

न्यूजर्सीवाला_पुणेकर (४:४८)

इथून थोडी भर. अमेरिकेत चित्र उलटं आहे. उत्पन्न जितकं जास्त तितकं मतदान जास्त. मतदान मंगळवारी, तेही १८४५ च्या कायद्याने ठरलेल्या दिवशी. बहुतेक राज्यांत सुट्टी नाही, आणि बऱ्याच ठिकाणी नोंदणी आपली आपण करायची. तासावर काम करणारा माणूस पगार बुडवून कसा जाणार? आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. तेव्हा नुसत्या जाणिवेवर सगळं ढकलू नका, वाट किती सोपी केली आहे हेही बघा.

---

पर्वतीपायथा (५:०२)

कायद्यात आहे. पण घरकाम करणाऱ्या बाईला ही भरपगारी सुट्टी कोण देतं? नळस्टॉप यांच्या मावशी दोन घरांच्या मध्ये येऊन मत देऊन गेल्या, वर लिहिलंच आहे त्यांनी.

---

नळस्टॉप (५:३०)

हे वाचून खाली मान गेली. त्या दिवशी मी मावशींना "आज येऊ नका" असं म्हणालो नव्हतो. सुचलंच नाही. पुढच्या वेळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर आधी टाकेन.

---

लातूर_हिंजवडी (६:१५)

मी बारा वर्षं पुण्यात आहे, भाड्याने, पाच घरं बदलली. मतदान नाही केलं. नाव अजून लातूरला आहे आणि गुरुवारी सकाळी आठ तास प्रवास करून कोण जाणार? लोकसभेला गेलो होतो. इथल्या नगरसेवकाशी माझा संबंधच काय, असं वाटत आलं.

दुसरं. इथे सगळे 'सोसायटीवाले' म्हणजे श्रीमंत असं धरून चाललेत. मी स्वतःला श्रीमंत समजत नाही. पगार आला की हप्ता, गावाकडे आईची औषधं, मुलाची फी. माझ्या टीममधले दोघे परदेशी गेले, एकाने बाणेरला तीन बेडरूमचा घेतला. मला मी मागे पडलेलाच दिसतो.

---

मुठाकाठ (६:४०)

@लातूर_हिंजवडी, तुम्ही एकटे नाही. ब्युनोस आयर्समध्ये असा एक अभ्यास झाला. लोकांना विचारलं, देशात तुमचा नंबर कितवा? बरेच गरीब स्वतःला मध्यात समजत होते आणि बरेच श्रीमंतही मध्यातच, कारण जो तो आपल्या ओळखीतल्यांशी तुलना करत होता. मग काही जणांना त्यांची खरी जागा सांगितली. ज्यांनी स्वतःला उगाच वर धरलं होतं, ते गरिबांना मदत करण्याच्या बाजूने जास्त झुकले. तुम्ही तुलना बाणेरच्या मित्राशी करता, पर्वतीपायथा यांच्या वडिलांशी करत नाही. दोष देत नाहीये, मीही तेच करतो.

---

तीन_हत्ती (७:०५)

लाडकी बहीण योजनेवर कुणी बोलत नाहीये. २०२४ पासून महिना १५०० खात्यात. त्याने किती मतदान हललं? आमच्या कराचा पैसा आहे तो.

---

कष्टाची_भाकर (७:३०)

कराचा पैसा सगळ्यांचाच आहे. कांद्यापोह्याच्या पुड्यापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत सगळे कर भरतात. आणि पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत होती. ती बंद झाली तेव्हा सोसायट्यांनी केवढा आवाज केला आठवा. २०२३ मध्ये ती परत मिळाली, पीटी-३ फॉर्म भरायला वॉर्ड ऑफिसात रांगा लागल्या. मी त्या रांगेत होतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. खिशाला लागलं की माणूस रस्त्यावर येतो. आम्ही आलो तर नागरिक आणि ती बाई आली तर लाभार्थी, हा फरक मला पटत नाही.

---

संपादक_मंडळ (७:४५)

योजनांवर बोला, पक्षांवर नको. हा धागा चांगला चालला आहे, तसाच राहू द्या.

---

कष्टाची_भाकर (८:२०)

मूळ प्रश्नावर येतो. सगळे मतदानावरच अडकलेत. पाच वर्षांतला तो एक दिवस. बाकीच्या दिवसांचं काय?

महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करतात. आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायची, फॉर्म भरून वॉर्ड ऑफिसात द्यायचा. मी आमच्या भागात पाच-सहा वर्षं हे फॉर्म गोळा केले. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, सोसायटीचे सेक्रेटरी भराभर भरून द्यायचे: फुटपाथ, जॉगिंग ट्रॅक, झाडांना कठडे. वस्तीतून मोजके यायचे. कारण फॉर्म कधी निघतो तेच कळायचं नाही, आणि कामाच्या वेळेत वॉर्ड ऑफिसला जाणार कोण? मतदानाच्या दिवशी ज्यांची रांग फाटकाबाहेर असते, तेच या यादीत दिसत नाहीत. मला हे नेहमी खुपत आलंय.

जिथे संघटना होती तिथे वेगळं घडलं. हमाल पंचायत १९५५ पासून आहे. कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम मिळवलं. या बायकांएवढी दरी कुणी पाहिली असेल? आपल्या घरात काय खाल्लं, काय फेकलं, सगळं त्यांच्या हातातून जातं. दरी दिसत होती आधीपासूनच. शेजारी उभी राहणारी दुसरी बाई भेटल्यावर महापालिकेच्या दारात जायचं बळ आलं.

---

पर्वतीपायथा (८:४१)

कष्टाची_भाकर, हेच. माझी कचरा वेचणारी मावशी सांगायची, ओळखपत्र मिळाल्यावर पोलीस हटकायचे बंद झाले, आणि पहिल्यांदा मोर्चाला गेली तेव्हा पायात नवीन चप्पल घालून गेली होती.

आणि निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं तर? २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्यांपैकी ९३ टक्के कोट्यधीश आहेत. मत सगळ्यांचं एक, उमेदवारी कुणाची? २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगत आयुष्यात आपण पाऊल टाकतो आहोत. आमच्या घरी ते भाषण दरवर्षी वाचतात.

---

वाडा_ते_फ्लॅट (९:०२)

नातीला थांबवून एक सांगते. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये काढायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिलं. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. प्रभागातला फुटपाथ तिसऱ्यांदा उखडलेला दिसला की मला ते आठवतं.

---

लातूर_हिंजवडी (९:२५)

दिवसभर वाचतोय. एक साधा प्रश्न. नाव लातूरहून पुण्यात आणायचं तर काय करावं लागतं? भाडेकराराने चालतं का?

---

कष्टाची_भाकर (९:३३)

नमुना ८ भरा, पत्ता बदलल्याचा. नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, बँकेचं पासबुकही चालतं. तिकडचं नाव आपोआप निघतं, वेगळा अर्ज नको. ऑनलाइन होतं, अडलं तर तुमच्या भागातल्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठा.

---

पर्वतीपायथा (९:४०)

आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं पुनर्वसनाच्या इमारतीत गेली, त्यांचाही पत्ता बदलायचाय. लग्न होऊन आलेल्या दोघींची नावं माहेरीच आहेत. पुढच्या रविवारी २५ तारीख, राष्ट्रीय मतदार दिवस आहे. सगळे एकत्र बसून भरूया का?

---

नळस्टॉप (९:५२)

मी येतो, लॅपटॉप आणि प्रिंटर आणतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनाही विचारतो, त्यांच्या मुलाचं नाव यादीत नाहीच. अकरा वाजता चालेल?

---

पर्वतीपायथा (९:५५)

दहाला या. अकराला नळाला पाणी येतं, मग कुणी सापडायचं नाही.